एकेचाळीस किलोमीटर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी करून थांबले. गुडघा बरा असेल असं धरून चालते. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच "अगं, जाऊ दे" म्हणतेस आणि मी लगेच जाऊ देते. आपली ही सवय इतकी जुनी आहे की तिच्या भरवशावर मी आजवर बरंच काही जाऊ दिलं. म्हणून कागद घेतला.

महिनाअखेरीला तू घटस्फोटाच्या कागदांवर सही करणार, हे कळलं. वकीलबाई समजूतदार आहेत, घाई करत नाहीत, हेही कळलं. चार महिन्यांत तू खोली लावलीस, कारखान्यात कटिंगच्या टेबलावर तुला तुझी स्वतःची कात्री मिळाली, आणि खिडकीतून समोरचं सायकलींचं दुकान दिसतं. पत्राचा तेवढा भाग मी दोनदा वाचला. भावोजींबद्दल तू वाकडा शब्द लिहिला नाहीस. नऊ वर्षांच्या संसाराबद्दल फक्त एक वाक्य आहे: ज्या माणसाला एकेचाळीस किलोमीटर आपली बायको मागे नाही हे कळत नाही, त्याच्या घरात आपण आहोत की नाही हे मलाच कळेनासं झालं. तुझ्या निर्णयाबद्दल मी काही बोलणार नाही. तो तुझा आहे आणि त्याला आणखीही कारणं असतील. मला बोलायचं आहे ते या वाक्याबद्दल. ते एका आकड्यावर उभं आहे, आणि तो आकडा माझा आहे. माझ्याच गाडीच्या मीटरवर वाचून मी तुला सांगितला होता.

आधी इकडची खबर. प्रयोगशाळेत नवीन काही नाही. सकाळी नऊ ते साडेपाच लोकांचे दाबमापक आणि नट आवळायचे पाने तपासते, किती चुकतात ते लिहिते आणि पट्टी चिकटवते. हिरवी म्हणजे वापरायला योग्य, पिवळी म्हणजे मर्यादित वापर, लाल म्हणजे वापरू नये. तू एकदा म्हणाली होतीस, "माणसांना लावायच्या पट्ट्या नाहीत का गं तुझ्याकडे? चार-दोन घरी घेऊन ये." बाबांचं बरं आहे. त्यांनी तुझ्याबद्दल मला काही विचारलेलं नाही, पण गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा तुझी जुनी शिलाई मशीन तेल घालून ठेवलेली दिसली. आज रविवार आहे. सहा वाजता आपल्या मोटारसायकल मंडळातले सगळे निघाले असतील. मी गेले नाही. गेले पाच रविवार गेलेली नाही. गाडीची चेन ढिली झाली आहे असं सांगितलं आहे. चेन घट्ट आहे.

बाबांची ती करडी मोटारसायकल आठवते? मी पुढे पेट्रोलच्या टाकीवर, मग बाबा, मागे तू, आणि तुझ्या मागे आई असायची तेव्हा आई. आई गेल्यावर तू एकटीच मागे राहिलीस. मी टाकीवर बसून आकडा बघायची आणि ओरडायची, "बाबा, अठ्ठेचाळीस! बाबा, बावन्न!" तू काही बघायची नाहीस, डोळे मिटून बसायचीस. मला वाटायचं तू घाबरतेस. फार उशिरा, मी स्वतः चालवायला लागल्यावर आणि तू एकदा माझ्या मागे बसल्यावर मला समजलं. वळण आलं की तू माझ्याआधी कलायचीस. माझ्या खांद्यांना अजून वळण दिसलेलं नसायचं आणि तुझं अंग तिकडे झुकलेलं असायचं, नेमकं जितकं हवं तितकंच. मी गाडीचं गणित शिकले आहे. कोणत्या वेगाला किती कलायचं ते कागदावर काढून दाखवू शकते. तुला ते कागदाशिवाय येत होतं. भावोजी सगळ्यांना सांगत सुटायचे, "ही मागे बसली की गाडीला वजनच होत नाही." किती अभिमानाने सांगायचे. पुढे हेच वाक्य त्यांच्या विरोधात गेलं.

आपल्या मंडळात कुणीच स्वतःच्या नावाने यायचं नाही, हे तुला माहीत आहेच, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आठवडाभर फरश्या विकणारा माणूस रविवारी कॅप्टन व्हायचा. दहा हजार किलोमीटर झाले नसतील तो कच्चा, झाले की पक्का. फक्त ऊन-वारा बघून येणारा तो हवामानखातं. दातांचे डॉक्टर स्वतःला लांडगा म्हणवून घ्यायचे, पण ते नाव कुणी उचललं नाही, ते डॉक्टरच राहिले. सगळ्यांत शेवटी राहणारा तो शेपूट. ऐकायला हलकं वाटतं, पण मंडळात त्याहून वरचा मान नव्हता. शेपटाने कुणाला ओलांडायचं नाही, कुणी थांबलं तर थांबायचं, आणि प्रत्येक थांब्यावरून निघताना सगळे आहेत हे मोजून अंगठा वर करायचा. तो अंगठा आरशाआरशांतून पुढे कॅप्टनपर्यंत जायचा आणि मगच पहिली गाडी हलायची.

आणि मागे बसणारे ते सामान. "सामान बांधलं का?" "सामान उतरवा, चहा प्यायचाय." मागे बसणाऱ्या चौघीजणी होत्या, चौघीही हसायच्या. तू सगळ्यांत मोठ्याने हसायचीस. मंडळाचे बिल्ले तू कापलेस, तू शिवलेस, अकरा जॅकेटांवर अकरा. बारावा का नाही केलास असं मी विचारलं तेव्हा तू दोरा दाताने तोडत म्हणालीस, "सामानाला कुठं बिल्ला असतो? फार तर पत्ता लिहितात." मी पण हसले. मी तेव्हा नुकतीच पक्की झाले होते. त्याआधी दोन वर्षं मला "बाई" म्हणत, मग "इंजिनिअरबाई". माझ्या गाडीशेजारी येऊन लोक विचारायचे, "मालक कुठायत?" मला त्या सगळ्यातून बाहेर पडायचं होतं. सामान नाही, बाई नाही. ज्या शब्दाला पुढे-मागे काही जोडावं लागत नाही असा एक शब्द मला हवा होता.

म्हणून मी शेपूट मागितलं. रीतसर मागितलं. मोजणीत गोंधळ होतो, एखाद्या वेळी दहा तर एखाद्या वेळी बारा येतात, हे मी चार महिने टिपून ठेवलं होतं. त्यावरून एक पानभर नियम लिहिले आणि कॅप्टनना दिले. त्यातला तिसरा नियम असा: मोजायच्या त्या गाड्या, माणसं नाहीत. माणसं हलतात, पाणी आणायला जातात, एकमेकांमागे बसतात; गाडी जागेवर असते. कॅप्टन खूश झाले. त्यांनी ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून सगळ्यांना वाटलं. मोजमापाच्या दृष्टीने नियम बरोबर आहे. आजही कुणी विचारलं तर बरोबरच म्हणेन. काय मोजायचं आहे हे मात्र मी आधी ठरवायला हवं होतं.

त्या रविवारी सकाळी पेट्रोल पंपावर कॅप्टन म्हणाले, "आज शेपटावर इंजिनिअरबाई." डॉक्टर लगेच म्हणाले, "बघा हं. पुढच्या गाड्या बघेल की आरशात लिपस्टिक?" सगळे हसले. सवयीने मीही हसले. तू भावोजींच्या मागे बसून हेल्मेटचा पट्टा लावत होतीस. तू म्हणालीस, "डॉक्टर, तिला समोर दिवसभर तुम्हीच दिसणार आहात. जरा केस विंचरून या." डॉक्टरांचं टक्कल उन्हात चमकत होतं. मग जे हसले ते माझ्यासाठी हसले. तू माझ्यासाठी किती वेळा असं काहीतरी बोलली असशील याची मी नोंद ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती.

दुपारी आपण घाटाखाली त्या चहाच्या दुकानाशी थांबलो होतो. तिथून निघाल्यापासूनची तुझी बाजू मला तुझ्याकडूनच माहीत आहे. निघायच्या आधी तू भावोजींना म्हणालीस, "आता पुढचा टप्पा मी धाकटीच्या मागे बसते, एकटी आहे शेवटी." ते नुसतेच हो म्हणाले; नंतर तुला वाटत राहिलं की त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. मला सांगायच्या आधी तोंड धुऊन यावं म्हणून तू दुकानामागच्या नळाकडे गेलीस. डोकं दुखत होतं तुझं. परत आलीस तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती. हेल्मेट हातात होतं. पर्स आणि फोन भावोजींच्या टाकीवरच्या पिशवीत. दुकानवाल्या बाईंनी स्टूल दिलं. कुणीतरी विचारलं, "तुमचं कुणी येणार आहे का?" तू म्हणालीस, "येतील ना, मोजतात ते." एक तास पन्नास मिनिटं तू त्या स्टुलावर बसलीस. भावोजी एकटे परत आले, तुला घेऊन सरळ घरी गेले. घरी आल्यावर तू विचारलंस, "तुम्हाला कळलं कसं नाही?" आणि ते म्हणाले, "लक्षात नाही आलं." तीन वर्षांत त्यांनी त्यापुढे एक शब्द सांगितला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सामान राहिलं. दर रविवारी कुणीतरी ते म्हणायचंच. वर्षाच्या शेवटी मंडळाच्या मेळाव्यात भावोजींना मंचावर बोलावून सामान बांधायचा रबरी दोर दिला, लाल फीत लावून. ते गेले, त्यांनी घेतला, हात वर करून दाखवला. घ्यायला नको होता. त्यांची बाजू मांडायला मी हे लिहीत नाही, म्हणून हेही लिहिते. तू पहिल्या रांगेत बसली होतीस आणि हसत होतीस. मी तुझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दोर लांबीला कमीच आहे, नाही का?" तो विनोद नव्हता हे मला तिथेच समजलं होतं. त्यानंतर तू मागे बसणं सोडलंस. सगळ्यांना वाटलं गुडघ्यामुळे.

आता निघण्याच्या वेळची माझी बाजू. मी सगळ्यांत शेवटी गाडी सुरू केली. दुकानाच्या कोपऱ्याशी, दिवा लावून उभी होते. गाड्या मोजल्या. अकरा. भावोजी माझ्या लगेच पुढे होते. निघण्याआधी ते सीटवर अर्धे वळले, माझ्याकडे बघितलं आणि पंजा उलटा करून हलवला. आपण हेल्मेटमधून "आहे ना?" विचारतो तसा. मी अंगठा वर केला. माझ्या अंगठ्याचा अर्थ, अकरा गाड्या आहेत. त्यांच्या पंज्याचा अर्थ, ही तुझ्यामागे बसली ना? समोरून दिवा डोळ्यावर आला की मागे कुणी आहे का हे दिसत नाही, आणि ते दिसायची त्यांना गरजही नव्हती. शेपटाने अंगठा दाखवला की प्रश्न संपला असं मीच लिहून वाटलं होतं. ते विसरले नव्हते, ताई. त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं.

एकेचाळीस किलोमीटरवर आम्ही थांबलो तेव्हा ते गाडी लावून सरळ माझ्याकडे चालत आले. हेल्मेट काढलेलं नव्हतं, फक्त काच वर. माझ्या मागच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाले, "ही कुठंय?" सगळे जवळच उभे होते. मी म्हणाले, "तुमच्याबरोबर नव्हती?" एवढंच म्हणाले. डॉक्टर ओरडले, "अहो, बायको विसरले! सामान राहिलं!" आणि जो काही हशा झाला तो तुला नंतर वर्षानुवर्षं ऐकावा लागला. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या यंत्राचा आकडा पटत नाही म्हणून पुन्हा बघावं तसं. मग काच खाली केली आणि गाडी वळवली. त्यांनी तिथेच म्हणायला हवं होतं की मी हिला विचारलं होतं, हिनेच अंगठा दाखवला. ते का म्हणाले नाहीत हे मला तेव्हा कळलं नाही. मी ते सोयीचं म्हणून स्वीकारलं.

गेल्या महिन्यात ते प्रयोगशाळेत आले होते. त्यांच्या लिफ्टच्या कंपनीचे चार दाबमापक घेऊन, नेहमीप्रमाणे. जेवण कमी झालेलं दिसतं त्यांचं, सदरा सैल होता. काउंटरवर मी पावती करत असताना एकदम म्हणाले, "चौथा खोटं दाखवतो. बघ जरा, माझ्यासारखा आहे." मला हसायचं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "भावोजी, त्या दिवशी तुम्ही मला खूण केली होती. मी ताईला सांगते." त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "नको. तिचा राग सध्या एकावर आहे. दोघांवर कशाला? रागावली की जेवत नाही ती. तुझ्याकडे आली तर निदान जेवते." मी म्हणाले, "पण ती जातेय." तर म्हणाले, "ती मला सोडून जातेय. तू कुठं नवरा आहेस तिचा? तू राहायला पाहिजेस." चौथा दाबमापक खरोखर चुकीचा होता. मी त्याला लाल पट्टी लावली आणि ते पिशवी उचलून गेले.

मी तेव्हा गप्प बसले, कारण ते जे झाकत होते ते पुरतं नव्हतं. त्यांना फक्त अंगठा माहीत आहे. त्यांना वाटतं माझी चूक झाली, लहान होती, घाबरली, म्हणून खोटं बोलली. लहान मी नव्हते. सव्वीस वर्षांची होते. आणि चूक फक्त पहिल्या सहा किलोमीटरपर्यंत होती.

सहाव्या किलोमीटरला घाट सुरू होतो. तिथे रस्ता स्वतःवरच उलटा वळतो आणि वरून सगळी रांग एकदम दिसते. मी सवयीने मोजल्या. अकरा. मग भावोजींची मागची सीट रिकामी दिसली; इतका वेळ ती माझ्या समोरच होती, पण मी बघत होते त्या गाड्या. तू दुसऱ्या कुणाच्या मागे असशील म्हणून मी मागे बसलेल्या मोजल्या. चौघी हव्या होत्या, तिघी होत्या. पुढच्या वळणावर पुन्हा मोजल्या. तिघी. हॉर्न तीनदा वाजवला की सगळ्यांनी थांबायचं, हा सातवा नियम आहे. माझा अंगठा हॉर्नवर होता. हातमोज्यातून त्याचं बटण लागत होतं. मी दाबला नाही. दाबला असता तर अकरा गाड्या घाटात कडेला लागल्या असत्या आणि मला सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं की पहिल्याच दिवशी माझी मोजणी चुकली. डॉक्टरांनी काय म्हटलं असतं ते मला शब्दांसकट ऐकू येत होतं. तू चहाच्या दुकानात आहेस, दुकानवाल्या बाई भल्या आहेत, अठराव्या किलोमीटरला थांबा आहे, तिथे आपोआप उघड होईल, असं मी ठरवलं. आपोआप, म्हणजे माझ्याशिवाय. चौदाव्या किलोमीटरला माझ्या जॅकेटच्या खिशात फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा. अनोळखी नंबर असणार आणि तो दुकानाचा असणार हे मला न बघता माहीत होतं. नंतर तू म्हणालीस, "तुलाच लावला गं, तुझाच नंबर पाठ आहे मला. पण गाडी चालवताना कोण फोन उचलतं!" माझी सबबसुद्धा तूच सांगितलीस. कॅप्टननी उशीर होतो म्हणून अठराव्या किलोमीटरचा थांबा गाळला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मला लिहायचं नव्हतं, पण ते वाटलं होतं. त्यानंतर प्रत्येक किलोमीटरला सांगणं आणखी अवघड होत गेलं, कारण आता "आत्ताच का?" या प्रश्नाचंही उत्तर द्यावं लागलं असतं. त्या दिवसापासून मला मंडळात सगळे नुसतं शेपूट म्हणायला लागले. पुढे बाई नाही, इंजिनिअर नाही. अकरा गाड्या सुखरूप पोचल्या होत्या ना.

तू पत्राच्या शेवटी माझ्याकडे दोन पानं मागितलीस. वकीलबाईंना घरच्याच माणसाचं लेखी निवेदन हवं आहे, त्या दिवशी काय झालं त्याचं, वेळ आणि अंतरासकट, आणि तू लिहिलंस, "तूच लिही, तू नेमकं लिहितेस." तीन वर्षांपूर्वीचे सगळे आकडे माझ्याकडे वहीत आहेत, मी ते पुन्हा तपासले. दोन पानांची जास्त झाली, पण ती पानं म्हणजे हीच. तू परत जावंस असं मी म्हणत नाही. तुझ्या जाण्याला इतर कारणं पुरेशी असतील तर जा. फक्त ज्या कारणावर तू सही करणार आहेस त्यात माणूस चुकीचा लिहिला जाऊ नये. भावोजींना मी हे अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. उद्या कामावर जाण्यापूर्वी त्यांच्याकडे जाईन, आणि पुढच्या रविवारी पेट्रोल पंपावर, सगळे जमले की त्यांनाही सांगेन. उत्तर पाठवलं नाहीस तर मी ते समजून घेईन. एकेचाळीसपैकी पहिले सहा किलोमीटर कुणाचे ते तू आणि भावोजी ठरवा. उरलेले पस्तीस माझे आहेत. वकीलबाईंना लागते म्हणून खाली पूर्ण सही आणि तारीख घातली आहे. तुझ्यासाठी वर फक्त एवढंच,

तुझीच,
धाकटी